पडशाचीं मिश्र औषधें व शेतकऱ्याचें घर

खरिपाची मळणी आटोपून रबीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, म्हणजे पडसें आणि खोकला हे दोन पाहुणे गांवोगांव मुक्कामास येतात. दिवसा ऊन, पहाटे गारठा, खळ्यावरची धूळ, आणि वीज रात्रीं येते म्हणून मध्यरात्रीं उठून दारें धरणें; अशा दिवसांत ज्याचें नाक वाहत नाहीं असा शेतकरी विरळाच. कामें तर थांबवितां येत नाहींत. मग बाजारच्या दिवशीं कोणी तरी औषधांच्या दुकानीं जातो, "पडशाची गोळी द्या" म्हणून सांगतो, आणि दुकानदार एक पाकीट पुढें सरकवितो. हा व्यवहार इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें गेल्या मार्गशीर्षापर्यंत आम्हांसहि वाटलें नव्हतें.

त्या महिन्यांत आमचे थोरले बंधु पडसें होऊन, अंगांत कसकस येऊन आजारी पडले. वय सत्तरीच्या पलीकडे, वजन पन्नास किलोच्या आंत, आणि रक्तदाबाची गोळी रोजची. आरोग्य केंद्रांतून तापाची गोळी मिळाली, ती ते दिवसांतून चार वेळां घेत. नाक वाहत होतें म्हणून आम्हींच बाजारांतून पडशाच्या गोळ्या आणून दिल्या; त्या दिवसांतून तीन वेळां. अंग ठणकत होतें म्हणून नातवानें किराणा दुकानांतून अंगदुखीची गोळी आणली, ती सकाळ-संध्याकाळ. प्रत्येकानें आपापल्या परीनें सेवाच केली. चौथ्या दिवशीं रात्रीं त्यांची लघवी अडली. ओटीपोट फुगून ते तळमळूं लागले, तेव्हां जीपमध्यें घालून त्यांस तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत नेलें. तेथें नळी घालून लघवी मोकळी केल्यावर त्यांस आराम पडला, आणि आमची समजूत झाली कीं, काम झालें, आतां घरीं जावयाचें.

परंतु तेथील डॉक्टरीण बाईंनीं जाऊं दिलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "आजोबा, गोळ्या कोणकोणत्या घेतल्यात?" बंधु म्हणाले, "एक तापाची, एक पडशाची, एक अंगदुखीची. तीनच." बाईंनीं तिन्ही पाकिटें मागविलीं, मेजावर ओळीनें मांडलीं, आणि एका कागदावर बेरीज केली. तापाच्या गोळींत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, चार वेळां, म्हणजे २६००. पडशाच्या गोळींत इतर औषधांबरोबर तेंच पॅरासिटामॉल ५००, तीन वेळां, म्हणजे १५००. अंगदुखीच्या गोळींत पुन्हां तेंच ३२५, दोन वेळां, म्हणजे ६५०. एकूण ४७५० मिलिग्रॅम. निरोगी, भरल्या अंगाच्या मोठ्या माणसास चोवीस तासांत या औषधाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानतात. पन्नास किलोच्या आंतील वृद्धास, आणि तोहि चार दिवस धड न जेवलेला, ती त्याहून पुष्कळ कमी. रक्त तपासलें तों यकृतावर ताण आल्याचें निघालें. तीन दिवस ठेवून घेऊन शिरेवाटे उतारा द्यावा लागला.

आमची सारी नोकरी महसुलाच्या कागदांत बेरजा ताडून पाहण्यांत गेली. एकाच जमिनीचा आकार दोन नांवांवर चढला असेल तर तें आमच्या नजरेंतून सहसा सुटत नसे. आणि घरच्या कोनाड्यांतली ही बेरीज मात्र आम्हांस दिसली नाहीं; कारण तिन्ही पाकिटांवरचीं ठळक नांवें निराळीं होतीं, आणि मागच्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिलेलें औषधाचें खरें नांव आम्हीं वाचलेंच नव्हतें. सातबाऱ्यावर खातेदाराचें नांव बदललें म्हणून जमीन बदलत नाहीं, हें आम्हीं लोकांस शेंकडों वेळां सांगितलें असेल.

शेतकऱ्यास ही गोष्ट समजावयास खताच्या पोत्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं. पोत्यावर १०:२६:२६ असें लिहिलेलें असतें, म्हणजे शंभर किलोंत नत्र दहा, स्फुरद सव्वीस आणि पालाश सव्वीस. जाणता शेतकरी हें खत घातल्यावर वरून युरिया देतांना आधीं पडलेलें नत्र हिशेबांत धरतो. नुसतीं पोतीं मोजून खत देणाऱ्याचें पीक माजतें आणि पहिल्या वाऱ्यांत लोळतें. पडशाची गोळी किंवा खोकल्याचें पातळ औषध हें असेंच मिश्रखत होय. त्यांत तीन-चार, क्वचित् पांच औषधें एकत्र केलेलीं असतात, आणि प्रत्येकाचें काम निराळें असतें. भेद इतकाच कीं, जमिनीस नको असलेलें खत बहुधा वायां जातें. शरीरास नको असलेलें औषध वायां जात नाहीं, तें आंत जाऊन आपलें काम करतेंच.

हे घटक एकदां ओळखून ठेविले म्हणजे कोणतेंहि पाकीट वाचतां येतें. पहिला घटक बहुधा पॅरासिटामॉल. ताप उतरविणें व वेदना कमी करणें हें त्याचें काम, आणि मापांत घेतल्यास तें फार चांगलें व निर्धोक औषध आहे. त्याची विल्हेवाट यकृत लावतें. तसें करतांना त्याच्या थोड्या अंशाचें विष बनतें, आणि तें विष निकामी करणारा एक पदार्थ यकृतांत शिलकेस असतो. मात्रा बेताची असेल तोंवर ही शिल्लक पुरते. मात्रा वाढली, माणूस उपाशी असला, किंवा रोज दारू पिणारा असला, तर शिल्लक संपते आणि तें विष यकृताचाच नाश करूं लागतें. यांत सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, पहिल्या दिवशीं विशेष असें कांहीं दिसत नाहीं. थोडी मळमळ, एखादी ओकारी, अन्नावर वासना नाहीं. तापांतहि तसेंच होतें, म्हणून कोणी मनावर घेत नाहीं, आणि डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन-तीन दिवस हातचे निघून जातात. याला उतारा आहे. अ‍ॅसिटिलसिस्टीन असें त्याचें नांव. एकदम फार मात्रा पोटांत गेली असेल तर आठ तासांच्या आंत दिल्यास तो उत्तम लागू पडतो. म्हणून लेंकरानें खेळतां खेळतां गोळ्या खाल्ल्या, किंवा मोठ्या माणसानें चुकून जास्त घेतल्या, तर लक्षणांची वाट पाहत घरीं बसूं नये. पाकीट बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा.

दुसरा घटक शिंका व नाकाचें पाणी थांबविणारा. स्वस्त गोळ्यांत तो बहुधा क्लोरफेनिरामिन असतो. तो नाक सुकवितो हें खरें, परंतु सारें अंगच सुकवितो; तोंड कोरडें पडतें, शौचास होत नाहीं, आणि उतारवयांत ज्या पुरुषांची लघवीची धार आधींच मंद झालेली असते त्यांची लघवी अजिबात अडूं शकते. आमच्या बंधूंस त्या रात्रीं हेंच झालें. एका प्रकारच्या काचबिंदूच्या रोग्यासहि हें औषध घातक होतें. आणि याची झोंप! गोळी घेऊन अंथरुणांत पडणाऱ्यास ती हितकर असेल. परंतु आपल्यांपैकीं कितीजण पडशासाठीं अंथरूण धरतात? गोळी घ्यावयाची आणि ट्रॅक्टरवर बसावयाचें, मळणीयंत्रांत पेंढ्या सारावयाच्या, उसाची गाडी कारखान्यावर न्यावयाची, किंवा रात्रीं विहिरीच्या कांठीं जाऊन ओल्या हातानें मोटार सुरू करावयाची, हा आपला क्रम. पेंग येते ती सांगून येत नाहीं. मळणीयंत्राच्या तोंडाशीं एक क्षणाची डुलकी म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांस सांगणें नको. अशा गोळीबरोबर दारू घेतली तर गुंगी दुणावते. ज्या दिवशीं यंत्राचें किंवा वाहनाचें काम असेल त्या दिवशीं ही गोळी घेऊं नये, आणि घेतली तर त्या कामास दुसरा माणूस लावावा. झोंप कमी आणणारीं या जातीचीं नवीं औषधें आहेत, तीं डॉक्टरांस विचारून घ्यावीं; मात्र तींहि सर्वांस सारखीं सोसत नाहींत.

तिसरा घटक चोंदलेलें नाक मोकळें करणारा, आणि त्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. फेनिलेफ्रिन नांवाचें हें औषध पडशाच्या असंख्य गोळ्यांत आहे. अमेरिकेंतील औषध नियंत्रण खात्याच्या सल्लागार मंडळानें सप्टेंबर २०२३ मध्यें सर्व पुरावा तपासला आणि एकमतानें, म्हणजे सोळा विरुद्ध शून्य मतांनीं, असा निर्वाळा दिला कीं, हें औषध तोंडानें घेतल्यास नाक मोकळें करण्यास नेहमींच्या मात्रेंत उपयोगी पडत नाहीं. कारण असें कीं, तें रक्तांत पोंचण्यापूर्वींच आंतड्यांत व यकृतांत बहुतेक मोडून जातें. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्या खात्यानें तें गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे ज्या घटकासाठीं आपण पैसे मोजतों तो पोटांतून घेतल्यास निरुपयोगी. याच कामाचें दुसरें औषध स्यूडोएफेड्रिन. तें लागू पडतें, परंतु रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवितें व छातींत धडधड आणतें. रक्तदाबाच्या व हृदयाच्या रोग्यांनीं या दोहोंपासून दूर राहावें हें बरें. नाकांत घालावयाचे थेंब लवकर गुण देतात, पण ते तीन ते पांच दिवसांहून अधिक वापरले कीं नाक उलट अधिक चोंदूं लागतें आणि माणूस त्या बाटलीचा बांधील होतो. नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब कितीहि दिवस घालावे.

खोकल्याच्या औषधांत तर कित्येकदां एकमेकांच्या विरुद्ध कामें करणारीं औषधें एका बाटलींत घातलेलीं आढळतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन हीं खोकल्याची उबळ दाबणारीं. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन हीं कफ पातळ करून तो खोकून बाहेर पडावा अशासाठीं दिलेलीं. एकानें कफ सुटा करावयाचा आणि दुसऱ्यानें खोकला बंद करून तो छातींतच कोंडून ठेवावयाचा! एका जुवाला एक बैल पुढें तोंड करून आणि दुसरा मागें तोंड करून जुंपणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणूं? कोरडी ढास लागून झोंप येत नसेल तर पहिल्या जातीचें औषध दोन रात्रीं घेण्यास हरकत नाहीं. छातींत कफ भरलेला असेल तर तें मुळींच घेऊं नये. कोडीन हें अफूच्या जातीचें औषध असून त्याची संवय लागते. तरण्या मुलांच्या खिशांत अशा बाटल्या वारंवार दिसूं लागल्या तर वडीलधाऱ्यांनीं तो खोकला समजूं नये.

इतकीं मिश्रणें बाजारांत आलीं तरी कशीं, असा प्रश्न कोणासहि पडेल. तयार करणाऱ्यास नवें ठळक नांव मिळतें आणि घेणाऱ्यास एका गोळींत सर्व मिळाल्याचें समाधान वाटतें, हें त्याचें साधें उत्तर. सरकारनें १० मार्च २०१६ रोजीं ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. कारखानदार न्यायालयांत गेले, बंदी उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें, आणि पुन्हां छाननी होऊन सप्टेंबर २०१८ मध्यें ३२८ मिश्रणें बंद झालीं. पुढें जून २०२३ मध्यें आणखी १४ व ऑगस्ट २०२४ मध्यें १५६ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत पडसें-खोकल्याचींहि कित्येक होतीं. ज्या घरांत जुन्या बाटल्या व अर्धवट पाकिटें सांठवून ठेवण्याची रीत आहे, त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

आतां मुलांविषयीं. येथें लेखणी जड होते. सप्टेंबर व ऑक्टोबर २०२५ मध्यें मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत, आपल्या नागपूरच्या उत्तरेस, पडसें-खोकल्याचें एक पातळ औषध घेतलेलीं वीसहून अधिक लहान मुलें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. त्यांतील कित्येकांस उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. औषधाच्या बाटलीवर तींच तीन नांवें होतीं, जीं आम्हीं वर सांगितलीं: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन. परंतु मुलांचा घात या तिघांनीं केला नाहीं. पॅरासिटामॉल नुसत्या पाण्यांत नीट विरघळत नाहीं, म्हणून पातळ औषधांत ग्लिसरिनासारखा किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा गोडसर द्रव घालतात. त्याच्याऐवजीं, किंवा त्याच्याबरोबर, डायइथिलीन ग्लायकॉल हें कारखान्यांत वापरावयाचें विषारी द्रव्य त्या औषधांत आलें होतें. औषधांत त्याचा अंश शेंकडा ०.१ पेक्षां अधिक असूं नये. तामिळनाडूच्या सरकारी तपासणींत या बाटलींत तो शेंकडा ४८.६ निघाला. चवीस हें द्रव्य गोड असतें, म्हणून मूल तोंड वांकडें करीत नाहीं.

या विषाचा इतिहास जुना आहे. अमेरिकेंत १९३७ सालीं एका पातळ औषधांत हेंच द्रव्य घातल्यानें शंभराहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यामुळें तेथें १९३८ चा औषधांचा कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालीं दूषित ग्लिसरिनानें १४ रोगी दगावले; न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. आफ्रिकेंतील गांबिया देशांत २०२२ सालीं साठांहून अधिक मुलें गेलीं, आणि तेथें संशय आला तो भारतांतून गेलेल्या खोकल्याच्या औषधांवर. बाटली हातांत धरून किंवा औषध चाखून हें विष कोणा आईबापास ओळखतां येणार नाहीं. आणि म्हणूनच, जें औषध मुलास मुळांत नकोच आहे तें न देणें हाच बचाव उरतो. ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानें सूचना काढली कीं, दोन वर्षांखालील मुलांस पडसें-खोकल्याचीं औषधें लिहून देऊं नयेत व विकूंहि नयेत, आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः देण्याजोगीं नाहींत. त्यापूर्वीं डिसेंबर २०२३ मध्यें क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणाच्या बाटलीवर 'चार वर्षांखालील मुलांस देऊं नये' असें छापण्याचा हुकूम औषध नियंत्रकांनीं काढलेला होता. मुलाचें साधें पडसें विषाणूंमुळें होतें आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतें. कोणतेंहि पातळ औषध तें एक दिवसहि आधीं बरें करीत नाहीं. कोणतेंहि औषध घेतल्यावर मूल ओकूं लागलें, सुस्त झालें आणि त्याची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर बाटली बरोबर घेऊन त्याच तासाला मोठ्या रुग्णालयांत जावें. पहिला ताप उतरला म्हणून मूल शांत पडलें आहे, अशी समजूत करून घेऊं नये.

मुलास ताप असेल तर एकटें पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सांगण्यानें देतां येतें. तें वजनावर मोजतात, दर किलोस सुमारें १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचें अंतर ठेवून, आणि दिवसांत चारांहून अधिक वेळां नाहीं. दहा किलोच्या मुलास एका वेळीं १५० मिलिग्रॅम झालें. येथें एक मोठा खड्डा आहे. पातळ औषधाच्या बाटलींत ५ मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम असतें, दुसऱ्या एका बाटलींत तेवढ्यांतच २५०. आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या लहानशा बाटलींत १ मिलिलिटरांतच १०० असतें. थेंब तान्ह्यांसाठीं, म्हणून ते सौम्य असतील, असें समजून कोणी चमचाभर पाजले तर ५०० मिलिग्रॅम गेलें, म्हणजे मोठ्या माणसाची गोळी. घरांतील चमच्यांचेंहि तेंच. चहाच्या चमच्यांत सुमारें ५ मिलिलिटर राहतात, वाढावयाच्या मोठ्या चमच्यांत १५. बाटलीबरोबर मापाचें झांकण येतें. तें फेंकूं नये, आणि एका बाटलीचें माप दुसरीस लावूं नये.

आमच्या आजीच्या उपायांकडे वळावें तर त्यांतले बहुतेक चांगलेच आहेत. एक वर्षावरील मुलास अर्धा चमचा मध चाटविला तर रात्रीची ढास कमी होते. एक वर्षाखालीं मात्र मध मुळींच देऊं नये, कारण त्यांतील एका जंतूनें तान्ह्या मुलास पक्षाघातासारखा आजार होऊं शकतो. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, आलें-गवती चहाचा काढा हे मोठ्या माणसास सुख देतात. ज्येष्ठमध रोज फार चघळला तर तोहि रक्तदाब वाढवितो, हें आम्हांस अलीकडेच कळलें. वाफारा घेतांना उकळत्या पाण्याचें भांडें कलंडून मुलें भाजतात. मुलांस तो देऊं नये. पडशासाठीं प्रतिजैविकाची गोळी मागून घेण्याची खोडहि सोडावी. विषाणूंवर तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. ज्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असते तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नसतें.

शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक गोष्ट घडते, ती शहरच्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानांत येत नाहीं. फवारणी करून आलेल्या माणसाच्या नाका-तोंडास पाणी सुटतें, डोळे पाणावतात, छाती भरून येते, खोकला लागतो. घरचे म्हणतात, "वारा लागला, पडसें झालें," आणि पडशाची गोळी देऊन निजवितात. कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेचीं हींच पहिलीं चिन्हें होत. बरोबर घाम, पोटांत कळा, हातापायांचें थरथरणें, आणि डोळ्यांतील बाहुल्या टांचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या दिसल्या, तर तें पडसें नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर मेले, तें प्रकरण वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा वेळीं कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, आणि कीटकनाशकाच्या डब्यावरील माहितीसह माणसास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें; क्लोरफेनिरामिनच्या गुंगींत तो निजला तर पुढचीं चिन्हें कोणास दिसणार नाहींत.

मिश्र गोळी कोणीं कधींच घेऊं नये असा आमचा आग्रह नाहीं. धट्टाकट्टा तरुण, ताप आहे, शिंकाहि आहेत, आणि दुसरें कोणतेंहि औषध चालू नाहीं. त्यानें अशी एखादी गोळी रात्रीं निजतांना दोन-तीन दिवस घेतली तर आम्ही तिला नांवें ठेवणार नाहीं. पण ज्यास नुसता ताप आहे त्यानें तापाचीच घ्यावी, ज्याचें नुसतें नाक वाहतें त्यानें नाकाचीच घ्यावी, आणि मिश्र गोळी चालू असतां दुसरी कोणतीहि गोळी घरांतल्या घरांत जोडूं नये. रक्तदाब, हृदय, मधुमेह, काचबिंदू, लघवीची तक्रार, यकृताचा आजार, गर्भारपण अथवा अंगावर पाजणें यांपैकीं कांहीं असेल तर दुकानदारापुढें तें स्वतः होऊन सांगावें. तो विचारीलच असें नाहीं. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर बाटल्या बदलीत बसूं नये. सरकारी केंद्रांत क्षयाची थुंकीची तपासणी फुकट होते. धाप लागणें, छातींत दुखणें, थुंकींत रक्त, तीन दिवसांहून अधिक ताप, किंवा लहान मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आंत ओढल्या जाणें, यांपैकीं एकहि असेल तर घरगुती औषधाचा प्रश्नच उरत नाहीं.

दवाखान्यांतून आल्यावर आम्हीं घरीं एक साधी युक्ति केली. कोनाड्याच्या आंत एक कागद डकविला. घरांत जो कोणी आजारी पडेल त्याचें नांव, गोळीचें ठळक नांव, तिच्या आंतील औषधांचीं खरीं नांवें व वजनें, आणि दिल्याची वेळ, असे चार रकाने. दिवसाअखेर पॅरासिटामॉलच्या रकान्याखालीं बेरीज. सूनबाईंस प्रथम तें म्हाताऱ्याचें खूळ वाटलें. आतां नोंद त्याच ठेवतात. नांवें इंग्रजींत आणि अक्षर मुंगीच्या पायांएवढें, ही अडचण खरी आहे. आम्ही दुकानदाराकडूनच पाकिटावर मराठींत लिहवून घेतों. पहिल्या वेळीं तो कुरकुरला. पुढें बाजारचीं आणखी दोन-चार माणसें तसेंच मागूं लागलीं, तेव्हां त्यानें गल्ल्याजवळ एक पेन्सिल बांधून ठेविली.

कागद डकविण्यापूर्वीं कोनाडा रिकामा केला होता. सात अर्धवट पाकिटें निघालीं आणि दोन चिकट बाटल्या. बाटल्यांपैकीं एकीवरची चिठ्ठी पुसली गेली होती, दुसरीची मुदत दोन वर्षांपूर्वीं संपली होती. पाकिटें मेजावर मांडून भिंगानें वाचलीं. सातांवर सात निराळीं नांवें होतीं. पॅरासिटामॉल त्यांतल्या पांचांत होतें.